लाकडी बैलाची आंघोळ

आमच्या घरात मला झाडू-फडक्याला हात लावायची बंदी आहे. ती बायकोने घातली आहे आणि मी ती कधीच मोडलेली नाही, कारण ती माझ्या सोयीची आहे. लग्न नवं होतं तेव्हा तिला मदत करावी म्हणून मी देव्हाऱ्यातल्या देवांना साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि थोड्या वेळाने ते पाणी देवांसकट मोरीत ओतून दिलं. गणपती सापडला. बाळकृष्ण अजून सापडायचा आहे. अशा माणसाच्या हाती एका संग्रहालयाची किल्ली कोणी दिली, असं तुम्ही विचाराल. माझ्या जिभेने दिली.

संग्रहालय म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. बालाघाटात आमच्या एका जुन्या मंडळाचं सभागृह आहे, त्याच्या मागे दोन खोल्या आहेत. कोणाकोणाच्या हौसेतून जमलेल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत: धान मोजायची पितळी पायली, मँगनीजच्या खाणीतला कंदील, वैनगंगेतले मासे धरायचा बांबूचा सापळा, चार-दोन दगडी मूर्ती. सिंचाई विभागातून रिटायर झाल्यावर मी त्या मंडळाच्या बैठकांना जाऊ लागलो, कारण तिथे चहा चांगला मिळतो. एका बैठकीत मी उभा राहून म्हणालो, "मागच्या खोल्यात एवढी धूळ हाय की यंदा तिथंच धानाच्या रोपांचे परहे लावता येतीन." लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तो फिर भाईसाहब, कल से आप ही जोतिए."

मी जोतायला लागलो. पहिल्याच आठवड्यात पितळी पायलीला चिंच आणि राख लावून अशी घासली की दारातून आत येणाऱ्याचे डोळे दिपावेत. अध्यक्ष खूश. मग प्रत्येक कपाटात मूठमूठ डांबरगोळ्या टाकल्या. त्या वासाने झुरळं राहिली आणि पाहुणे पळाले. मग मासे धरायच्या सापळ्याला ओलसर वास येतो म्हणून, बायको पापड वाळवते त्या धर्तीवर, तो गच्चीवर उन्हात ठेवला. माकडं आली. आमच्या संग्रहालयातली एक वस्तू शेजारच्या वकिलांच्या छपरावर, तिथून चिंचेच्या झाडावर आणि तिथून परत माझ्या डोक्यावर, अशी फिरून आली. तिच्या दोन काड्या अजून चिंचेवरच आहेत.

हे सगळं हसण्यावारी गेलं. बैलाचं तसं गेलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो, तान्हा पोळा. खरे बैल थोरांचे, लाकडी बैल लेकरांचे. चाकांवरचे ते बैल सजवून, दोरी बांधून लेकरं गल्लीतून ओढत नेतात आणि दारोदार खाऊ मागतात. बहुतेक बैल हातभर असतात. आमच्या संग्रहालयातला माणसाच्या कमरेएवढा आहे, शिवणीच्या झाडाच्या लाकडाचा, काजळीने कोळशासारखा काळा झालेला. किरनापूरकडच्या एका गावच्या म्हातारीने तो दिला. दिला म्हणजे, ऑटोत आडवा घालून आणला आणि पायरीवर ठेवून म्हणाली, "घ्या जी. पोरगा हॉटेलवाल्याले विकतो म्हणते."

दर तान्ह्या पोळ्याला ती बैलाला भेटायला येते. त्यामागची गोष्ट तिने मला पहिल्याच वर्षी सांगितली होती. तो बैल तिच्या बापाने तिच्यासाठी घडवला. लोक म्हणत, पोरीले कायले बैल पाहिजे? बापाने ऐकलं नाही. पोळ्याला खऱ्या बैलांच्या अंगावर गेरूचे थापे मारतात, तसा त्याने त्या लाकडी बैलावरही गेरूत बुडवलेला हात उमटवला. पुढचा पोळा यायच्या आत तो तापाने गेला. ती तेव्हा एवढीशी. बापाचा फोटो नाही. त्या काळी त्या गावात कोणाचाच नव्हता. त्याचा चेहरा तिला आठवत नाही. आईने बैल चुलीवरच्या माळ्यावर ठेवला आणि दर पोळ्याला उतरवून त्याला जवसाचं तेल चोळलं. धूर आणि तेल, धूर आणि तेल. त्यात तो थापा दिसेनासा झाला.

म्हातारी यायची, बैलासमोर बसायची आणि मला विचारायची, "दिसते काय जी कुठी?"

"काही दिसून नाही राह्यलं, बाई. मळ लय हाय."

"कोण्या बाजूनं होता तेही मले आठवत नाही," म्हणायची. "पण होता. मी पाह्यला हाय." आणि जाताना, "येतो जी पुढच्या साली. राह्यली तं."

ते 'राह्यली तं' माझ्या कानात बसलं होतं. दर साली ती थोडी आणखी वाकलेली दिसे.

गेल्या पावसाळ्यात मंडळाने नागपूरहून एका मॅडमना बोलावलं. मुलगीच म्हणायची, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, पण जुन्या वस्तूंची निगा कशी राखावी हेच शिकून आलेली आणि तेच काम करणारी. येण्याआधी तिने मला फोन केला. "काका, एकच विनंती. मी येईपर्यंत कशालाच हात लावू नका. पुसू नका, झाडू नका, काही करू नका."

आता तुम्हीच सांगा. पाहुणा 'आमच्यासाठी काही करू नका हं' म्हणतो तेव्हा आपल्याकडे काय करतात? निदान शिरा तरी करतातच. पाहुणा येणार आणि आम्ही घर झाडलं नाही, असा माणूस आमच्या खानदानात जन्मला नाही. शिवाय पोळा तोंडावर आला होता. पोळ्याआधी बैल धुवायचा असतो, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही; नदीवर नेऊन धुतात. आणि माझ्या मनात एक छुपी हावही होती. म्हटलं, आपणच हा मळ काढू, थापा वर आणू, म्हातारी येईल तेव्हा दाखवू, मॅडम बघतच राहील, अध्यक्ष शाल देतील. शालीचा रंगही मी ठरवला होता.

मागच्या व्हरांड्यात बैल आणला. बादलीत कपडे धुवायचा सोडा घातला, नारळाचा काथ्या घेतला आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. काळं पाणी वाहू लागलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणखी घासलं. मग पाणी लालसर झालं. म्हटलं, आला, रंग आला, आता हातही येणार. मी जोर वाढवला. बादली लाल झाली, माझे हात लाल झाले, बैलाची डावी कूस मात्र पांढुरकी पडत चालली, नव्या पाटासारखी कोरी. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

"काका," मागून आवाज आला, "हात थांबवा."

मॅडम सांगितल्यापेक्षा लवकरची गाडी पकडून आली होती. खांद्यावर पिशवी, अंगावर अजून रेनकोट. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सवय आहे.

"पाणी ओतू नका. काथ्या बाजूला ठेवा. बैलाला आता काहीच करू नका."

मी म्हणालो, "मळ लय होता मॅडम, पाहा ना कसा लाल..." आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. मळ कधी लाल असतो का?

तिने बादलीतला एक थेंब पांढऱ्या कागदावर घेतला, तो वाळू दिला, बोटाने चोळला, उजेडाकडे धरला. "गेरू आहे."

तेव्हा मी तिला म्हातारीची गोष्ट सांगितली. बोलताना माझी जीभ अडखळत नाही, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी अडखळली. मॅडम ऐकत होती आणि बैलाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "थापा कुठल्या बाजूला होता?"

"तिलेच आठवत नाही."

"मग आपल्यालाही अजून माहीत नाही," ती म्हणाली. "गेला म्हणून मला माहीत नाही, आणि आहे म्हणूनही नाही."

"बैल उन्हात ठेवू?"

"नको. फाटेल."

"पंख्याखाली?"

"नको."

"मग मी काय करू?"

"बसा."

सरकारी नोकरीत मी हे काम पगार घेऊन केलं होतं, पण तेवढं जड ते कधी गेलं नाही. घरी गेलो तर माझे लाल हात बघून बायकोने सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर कपाळावर हात मारून म्हणाली, "आधी देव बुडवले. आता म्हातारीच्या बापाले बुडवून आले काय?"

मी हात धुवायला मोरीकडे निघालो, तर तिने तिथूनही परत बोलावलं.

बैल सावलीत हळूहळू वाळत होता, आणि तोवर मॅडमने खोल्या हाती घेतल्या. मी स्टुलावर बसून बघत होतो. खरं सांगतो, साफसफाई ही बघण्यासारखी गोष्ट असते हे मला तोवर माहीत नव्हतं. ती आधी हात धुवायची आणि अगदी कोरडे करायची. अंगठी, घड्याळ काढून ठेवायची. मग वस्तूसमोर उभी राहायची आणि नुसती बघायची. इतका वेळ बघायची की मला वाटायचं, हिला झोप लागली की काय. मग मऊ कुंचला घ्यायची. त्याच्या दांड्याच्या पत्र्यालाही तिने चिंधी गुंडाळली होती, चुकून ओरखडा नको म्हणून. धूळ वरून खाली, एकाच दिशेने, हळूच लोटायची. दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, तिच्या तोंडावर मलमल बांधलेली. एखादा कपचा सुटून आलाच तर तो मलमलीवर अडावा, पोटात जाऊ नये. मी दोन्ही खोल्या एका सकाळीत झाडायचो. तिला त्या कंदिलालाच दुपार लागली.

मी म्हणालो, "एवढ्या वेळात तं माही बायको अख्खं घर आवरते."

"घर रोज मळतं आणि रोज धुतलं जातं, काका. याला धुणं एखाद्याच वेळी झेपतं." आणि तिने माझ्या चमकदार पायलीकडे बघितलं. मी मान खाली घातली.

मग तिने दिवे बंद केले, खिडकीला काळं कापड लावलं आणि टॉर्च पायलीच्या काठाला अगदी चिकटवून, आडवी धरली. "या, बघा."

मी वाकलो. मित्रांनो, मी त्या पायलीला घासलं होतं, पालथी घातली होती, तिच्यात तोंड बघून भांग पाडला होता. पण मी तिला पाहिलंच नव्हतं. आडव्या उजेडात काठाची एक बाजू दुसरीपेक्षा पातळ दिसत होती, नदीने खाल्लेल्या दगडासारखी गुळगुळीत. धान मोजणारा पायली भरून वरून हात फिरवतो आणि वरचं धान सपाट करतो. तो हात कायम एकाच बाजूने फिरला होता. हाताने पितळ झिजवलं होतं! किती हंगाम, किती खळी, किती माणसं रांगेत उभी, आणि प्रत्येक वेळी एक तळहात या काठावरून गेलेला. चिंच आणि राख त्यापुढे काहीच नव्हती. मी पायलीवरचा फक्त रंग नेला होता.

"अजून दाखवा," मी म्हणालो. लहान पोरासारखा मागेच लागलो. तिने मूर्तीच्या गालावर टॉर्च आडवी धरली. छिन्नीचे घाव शेतातल्या नांगरटीसारखे उठून आले. बैलाच्या पायांखाली तिने काळा कागद पसरला. सकाळी त्यावर पिठाच्या चिमटीएवढी पिवळसर पूड पडलेली होती. "आत कोणी आहे," ती म्हणाली, शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं. मागच्या पायाच्या आत मोहरीच्या दाण्याएवढी भोकं होती. एक लाकूड पोखरणारी अळी तिथे बसून रोज जेवत होती, आणि मी वर सुगंधासाठी डांबरगोळ्या ठेवत होतो. मॅडमने ती भोकं बारीक सुईने औषध देऊन बंद केली आणि रोज सकाळी आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून काळ्या कागदाला बघू लागलो. एके सकाळी तो कोरा निघाला. मला एवढा आनंद माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

बैल वाळला तशी ती त्याची उजवी बाजू बघू लागली. थापे मारतात ते कुशीवर, पाठीमागच्या पुठ्ठ्यावर. तिने इंच-इंच टॉर्च फिरवली. काजळीखाली घडवणाऱ्याच्या पटाशीचे घाव दिसत होते, गाठी दिसत होत्या, एका जागी त्याची पटाशी सटकली होती तेही दिसत होतं. हात नव्हता. मानेवर नाही, कुशीवर नाही, पुठ्ठ्यावर नाही. आणि उजवीकडे नाही म्हणजे तो डावीकडेच होता. डावी बाजू तर मी सोड्याने घासून कोरी केली होती.

त्या दिवशी तिने काम लवकर थांबवलं. मी तसाच उभा होतो. पोळा उद्यावर आला होता, परवा म्हातारी येणार होती. "तिले काय सांगू मी?" मी म्हणालो. "की बाई, तुझा बाप गटारीतून वैनगंगेत गेला? ती आठ वर्षांची हाय का ऐंशीची, हे मले काही कळत नाही, पण ती इथं बसते तेव्हा लेकरासारखी बसते हो..." आणि बोलता बोलता, म्हणजे आपण बैलाजवळ उभे राहून बोलतो तेव्हा जसं होतं तसं, माझा हात गेला आणि बैलाच्या वशिंडामागे पाठीवर टेकला.

"काका, हात!" मॅडम कडाडली. उघड्या हाताने वस्तूला धरायचं नाही, घाम खातो, हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल. मी हात उचलणार, तोच ती म्हणाली, "नाही, थांबा. हलवू नका."

ती टॉर्च घेऊन माझ्या हाताकडे येत होती. माझ्या मनगटाला धरून तिने तो हात दुधावरची साय उचलावी तसा उचलला. आणि उजेड आडवा पाडला.

माझी चार बोटं जिथे होती तिथे, काजळीच्या आत, चार लांबट उंचवटे होते.

तिने टॉर्च आणखी आडवी केली. मग हळूच म्हणाली, "त्याने थापा मारलाच नाही, काका. त्याने बैलाला थोपटलं."

मी खाली बसलो. तो माणूस बैल पुरा करून उभा राहिला असेल, गेरूने माखलेला हात तसाच, आणि आपल्या बैलाच्या पाठीवर थोपटतात तसा तो हात त्याने वरून ठेवला असेल. माझ्या जिवंत हाताला ती जागा आपोआप सापडली, कारण बैलाशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा हात तिथेच जातो. त्याचाही तिथेच गेला होता. आणि आम्ही दोघं त्याला शोधत होतो कुशीवर, रिवाजाच्या जागी.

मग कामाला सुरुवात झाली. आधी कोरडा स्पंज, मग त्याहून मऊ, काजळीचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघत गेला. त्यानंतर तिने काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, तो जिभेवर ठेवला आणि त्याने पुसू लागली.

"मॅडम, थुंकी?"

"हो काका, थुंकीच. तेलकट मळाला यासारखं दुसरं नाही."

"मी पाण्यानं धुतलं तं पाप, अन् तुम्ही थुंकीनं धुता तं विद्या?"

ती पहिल्यांदा हसली. "तुम्ही बादलीने धुतलं. मी आधी इथे खुराजवळ, कुणाला दिसणार नाही तिथे गेरूचा एक शिंतोडा होता, त्यावर तीळभर करून बघितलं. गेरू हलला नाही. मगच वर आले." आणि काडी फिरवता फिरवता म्हणाली, "जुन्या लाकडाला तेल लावू नये असं मी सगळ्यांना सांगते. पण घडवणाऱ्याच्या बायकोने दरवर्षी जवसाचं तेल चोळलं ना, ते सुकून गेरूवर घट्ट बसलं. तिनेच हा हात धरून ठेवला. आता मी पुढच्या ठिकाणी काय सांगू?"

एक बोट निघालं. मग दुसरं. वाळक्या रक्तासारखा लाल रंग, बोटाच्या पेरांमध्ये किंचित फट, एका बोटाच्या टोकाशी तर चामडीच्या रेषासुद्धा. मी इतक्या जवळून बघत होतो की मला सारखं मागे व्हायला सांगावं लागत होतं. माझा श्वास ओला आहे म्हणे. मला आपला वाटत होता तो रोखलेला आहे.

चौथं बोट निघालं तेव्हा ती पाठीच्या डाव्या बाजूला गेली. तिथे लाकूड पांढुरकं होतं. टॉर्च आडवी, उभी, तिरपी धरून झाली.

"अंगठा इकडे होता," ती म्हणाली.

होता. मी ऐकलं.

तान्ह्या पोळ्याला दुपारी म्हातारी आली. बाहेर गल्लीत लेकरांचे बैल खडखडत चालले होते, कोणाचं तरी चाक निखळलं म्हणून रडारड चालू होती. मॅडम माझ्या कानाशी म्हणाली, "काका, सांगायचं तुम्ही." मी म्हातारीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पावसापाण्यापासून सुरुवात केली. मग नागपूरच्या गाडीवर आलो. मग वैज्ञानिक पद्धतींवर.

"बोलून नोका राहू जी," म्हातारी म्हणाली. "दाखवा."

मॅडमने दार लोटलं, दिवे घालवले, बैलावरचं कापड काढलं आणि टॉर्च आडवी धरली.

म्हातारी खुर्चीतून उठली. पुढे आली. तिला कोणी काही सांगितलं नाही, हात लावू नका असंही नाही. मॅडमचं तोंड त्यासाठी उघडलं होतं आणि तसंच मिटलं. म्हातारीने आपला उजवा हात पुढे केला आणि त्या चार बोटांच्या वर, न टेकवता, हवेत धरला. रोवणीत, निंदणीत, चुलीपुढे जन्म गेलेला, गाठी आलेला, रुंद हात. खालची बोटं त्याच्या आत मावत होती.

"लहान हाय," ती म्हणाली.

"काय लहान, बाई?"

"बाबा." तिने हात काढला नाही. "मले वाटे, केवढा मोठा होता माहा बाबा. झाडाएवढा. हा तं पोरगा हाय जी. माह्या नातवाच्या वयाचा असन तवा." मग त्या बोटांकडे वाकून, जणू झोपलेल्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "एवढासा होता अन् गेला."

बाहेरची लेकरं निघून गेली होती. मग तिची नजर सरकत पाठीच्या डाव्या बाजूला आली, त्या पांढऱ्या जागेवर. आता बोलणं भागच होतं. वैज्ञानिक पद्धती मला एकही आठवली नाही.

"अंगठा इकडे होता, बाई. मी धुवून टाकला. सोड्यानं."

"काहून?"

"तुमाले दाखवावं म्हणून."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बायकोशिवाय मला असं कोणी पाहत नाही.

"अंगठ्याचं काय घेऊन बसले जी," ती म्हणाली. "माहा बाबा अंगठाछाप होता. पटवाऱ्याच्या बस्त्यात पाह्यजा, सावकाराच्या घरी पाह्यजा, कितीक कागदावर त्याचा अंगठाच अंगठा हाय. बोटं कुठीच नव्हते." आणि मॅडमकडे वळून, "बाई, झाका आता. धूळ बसन त्याच्यावर."

मॅडमने टॉर्च माझ्या हाती दिली आणि बाजूला ठेवलेलं ते कापड उचललं. तिला दुसरं टोक धरायला कोणी हवं होतं, म्हणून टॉर्च मी म्हातारीला दिली. आम्ही दोघांनी कापड दोन बाजूंनी ताणून, पाठीला घासू नये असं, खाली सोडायला सुरुवात केली. म्हातारी उजेड धरून होती. आम्ही धरायचो तसाच, आडवा.

"हळू जी," ती मला म्हणाली.